बातमी आईपप्पांची, मुलाखत तुझी

ताई,

माझे आई-पप्पा दोघंही कर्णबधिर आहेत, मला ऐकू येतं. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं शिलाईचं दुकान आहे. मागच्या महिन्यात एका मराठी न्यूज चॅनेलचा पत्रकार आमच्यावर स्टोरी करून गेला. माणूस चांगला होता, जाताना बायकोचा ब्लाउजसुद्धा शिवायला टाकून गेला. स्टोरी लागली तेव्हा मामा-मावश्या सगळे जमले होते. 'नियतीने ज्यांची वाचा हिरावली', 'मूकबधिर असूनही', 'हातवाऱ्यांच्या जगात' असं बरंच काही, आणि मागे बासरी. शेवटी स्टुडिओतल्या निवेदिकेने दोन्ही हात हवेत कसेतरी फिरवले आणि म्हणाली, 'त्यांच्याच भाषेत त्यांना सलाम!' आईने तेवढाच तुकडा मोबाइलवर पुन्हापुन्हा मागे घेऊन पाहिला आणि मला विचारलं, 'ही काय म्हणतेय?' ती काहीच म्हणत नव्हती. दुसऱ्या दिवशी इथल्या पेपरने तीच बातमी उचलून 'मुक्या हातांनी शिवला संसार' असा मथळा दिला.

मामा म्हणतो, फुकटात जाहिरात झाली, गप्प बस. पप्पा म्हणतात, सोड. चुलतभाऊ वकिली शिकतोय, तो म्हणतो दिव्यांग कायद्याखाली थेट गुन्हाच दाखल करू. आई त्या दिवसापासून कुणाशी फारसं बोलत नाही. 'हातवारे' तिला फार लागलंय. त्यात पप्पांच्या मंडळाच्या लेटरहेडवरच 'मूकबधिर' छापलंय, मग मी कुठल्या तोंडाने तक्रार करू? मी स्वतः पत्रकाराला अर्धा तास बसून सगळी माहिती दिली होती. तरी असं का झालं?

एक मुलगी, जि. सांगली

*

प्रिय मुली,

मथळा वाईट आहेच, पण मला त्याहून जास्त लागला तो आईचा प्रश्न. निवेदिकेच्या लेखी तो दोन सेकंदांचा गोड शेवट होता. तुझ्या आईच्या लेखी टीव्हीवरून कुणीतरी पहिल्यांदाच तिच्या भाषेत तिच्याशी बोललं, आणि ते तिला कळलं नाही. माणूस असा असतो की कळलं नाही तर आधी स्वतःवरच शंका घेतो. म्हणून ती मागे घेऊन घेऊन बघत बसली. एखाद्या कार्यक्रमात तमिळ पाहुण्यांना उद्देशून निवेदिकेने तोंडाला येईल ते 'अंडाबंडागुंडा' म्हटलं असतं आणि वर 'त्यांच्याच भाषेत' असंही म्हटलं असतं, तर त्याच रात्री वाहिनीला माफी मागावी लागली असती. इथे कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण खुणांच्या भाषेत चूक होऊ शकते हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. हात हलले की झाली भाषा.

हे फार मोठ्या व्यासपीठावरही घडलेलं आहे. 10 डिसेंबर 2013 रोजी जोहान्सबर्गच्या स्टेडियममध्ये नेल्सन मंडेलांची शोकसभा होती. ओबामांपासून सगळे बोलत होते आणि त्यांच्या शेजारी उभा राहून एक माणूस खुणा करत होता. त्या खुणांना काहीही अर्थ नव्हता. दक्षिण आफ्रिकेच्या संसदेतल्या बधिर सदस्य विल्मा न्यूहाउट-ड्रूचेन यांनी सभा चालू असतानाच ट्विटरवरून सांगितलं की याला तिथून हटवा. पुढचे कितीतरी दिवस जगभरच्या माध्यमांना दोनच गोष्टी सुचल्या. एक, हा माणूस राष्ट्राध्यक्षांच्या इतक्या जवळ पोचला कसा. दुसरी, त्याची नक्कल. विनोदी कार्यक्रमांतून तोतया दुभाषे हात नाचवायला लागले. ज्यांच्यासाठी त्याला तिथे उभं केलं होतं, त्यांच्या पदरात त्या खुणांतून काही पडलं नाही, हे या सगळ्या हशात मागेच राहिलं.

आणि खरी दुभाषी असली तरी सुटका नाही. 2012 मध्ये सँडी वादळाच्या वेळी न्यूयॉर्कच्या महापौरांशेजारी उभी राहून खुणा करणारी बाई उत्तम काम करत होती. तिच्या चेहऱ्यावरच्या हावभावांची टर उडवून विनोदी कार्यक्रमांनी आपला वेळ भरून काढला. आता चेहरा हा त्या भाषेच्या व्याकरणाचाच भाग, भुवया कशा होतात त्यावर विधान की प्रश्न हे ठरतं, हे तुला मी सांगणं म्हणजे आजीला नातीने पुरणपोळी शिकवणं. पण टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला वाटतं, ही बाई ओव्हरॲक्टिंग करतेय. आपल्याकडेही दूरदर्शनवर रविवारी बधिरांसाठी बातम्या लागायच्या, आणि सोमवारी शाळेत कोणीतरी एक पोरगं त्यांची नक्कल करून वर्ग हसवायचं. ती पोरं मोठी होऊन आज कुठे कुठे नोकरीला असतील, काही न्यूज चॅनेलमध्येही असतील.

'हातवारे' आईला का लागलं, हे मामाला कळणार नाही. तुझ्या आईच्या पिढीतल्या बहुतेक कर्णबधिर मुलांना शाळेत हाताने बोलू दिलं जात नसे. तोंडाने बोला, ओठ वाचा, हात खाली. याचं मूळ फार लांब आहे. 1880 मध्ये इटलीत मिलान शहरात बधिरांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि खुणांची भाषा वर्गातून हद्दपार करावी असा ठराव तिथे झाला. दीडशेच्या वर प्रतिनिधी होते, त्यात बधिर माणूस एकच. शंभरावर वर्षं जगभरच्या शाळांनी ते कमीजास्त पाळलं, आणि त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला 2010 ची व्हँकुव्हरची परिषद उजाडावी लागली. मधल्या काळात भाषा जगली ती वर्गाबाहेर. वसतिगृहात दिवे असेपर्यंत मोठ्या मुलींच्या हातांकडे बघून लहान मुलींनी ती उचलली. आईला विचार, ती कुठे शिकली. मला वाटतं उत्तर शाळेचा वर्ग हे नसेल.

1960 मध्ये अमेरिकेत विल्यम स्टोको यांनी पहिल्यांदा शास्त्रीय पद्धतीने दाखवून दिलं की खुणांच्या भाषेला स्वतःची रचना आहे, ती बोलीभाषेची हातांनी केलेली कच्ची नक्कल नव्हे. आपल्याकडे दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं 2015 मध्ये. त्यांचा शब्दकोश 2018 मध्ये 3,000 शब्दांचा होता, 2021 मध्ये 10,000 वर गेला. म्हणजे आयुष्यभर जे लपूनछपून केलं, ज्यासाठी कदाचित हातावर पट्टीही खाल्ली, त्याला आता कुठे सरकारदरबारी भाषा म्हणायला लागलेत. आणि त्याच वेळी टीव्हीवर 'हातवारे'. हातवारे भांडणात करतात, भाषणात करतात. तुझ्या आईने त्या पत्रकाराला गिऱ्हाइकांचे किस्से सांगितले असतील, कापडाचे भाव सांगितले असतील.

किंबहुना तिने सांगितले असतीलच. मी वृत्तपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली आहेत, आजूबाजूला टीव्हीतली माणसंही भरपूर होती, त्यामुळे ते पॅकेज, म्हणजे दृश्यं जोडून केलेली ती बातमी, कसं जुळवलं असेल ते मला न पाहता दिसतं. कॅमेरामनने आधी मशीनच्या पायाचा क्लोजअप घेतला असेल, मग कात्री, मग सुईत दोरा. मग आईच्या हातांचा क्लोजअप, नुसते हात, चेहरा कापून. ऑफिसात एडिटरपुढे बसल्यावर प्रश्न पडला असेल की या दृश्याला आवाज नाही, काय करायचं? टाक बासरी. आणि बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर कुणाचं तरी बोलणं, हवाच, तर तो तुझा. खाली पट्टी, 'मूकबधिर दांपत्याची मुलगी'. बातमीला सबटायटल नसणार, म्हणजे ज्यांच्यावर बातमी होती त्या दोघांनाच ती समजून घ्यायला शेजारी कुणीतरी लागलं. माझा अंदाज चुकला असेल तर मला कळव, पण चुकला असेल असं वाटत नाही.

त्या पॅकेजमध्ये तुझी आई बोलत होती, मुली. तिचं बोलणं पार्श्वसंगीत घालून पडद्यावर चालवलं गेलं आणि ती काय म्हणाली हे कुणी विचारलं नाही.

आता थोडं कडू बोलते. तू लिहितेस, 'मी स्वतः पत्रकाराला अर्धा तास बसून सगळी माहिती दिली.' त्या अर्ध्या तासात आई किती वेळ बोलली? पत्रकार प्रश्न विचारताना कोणाकडे बघत होता? तू प्रत्येक प्रश्न हातांनी आईपर्यंत नेलास आणि तिचं उत्तर तिच्याच शब्दांत 'मी' म्हणून परत आणलंस, की 'अहो, आईला तेव्हा खूप त्रास झाला' असं तूच सांगत गेलीस? यात तुला दोष द्यायचा नाही. बँकेत, दवाखान्यात, गॅसच्या नंबरला, स्वतःच्या पालकसभेलासुद्धा लहानपणापासून तूच बोलत आली असशील. दहा वर्षांच्या पोरीला डॉक्टर आईच्या पोटाबद्दल विचारतात आणि ती उत्तर देते, हे अशा घरांत रोजचं. ती सवय लागते, आणि त्या सवयीचा फायदा घाईतला पत्रकार हमखास घेतो, कारण त्याला सोपं पडतं.

पण आता तुझं पत्र पुन्हा वाचून बघ. मामा काय म्हणतो ते त्यात आहे. पप्पा काय म्हणतात ते आहे, चुलतभाऊ काय म्हणतो तेही आहे. आई गप्प आहे, एवढंच. तिला काय हवंय हे कुठेच नाही. माफी हवीय का, दुरुस्ती हवीय, का ती बातमी नेटवरून काढून टाकायचीय, का त्या निवेदिकेला समोर बसवून चार खुणा शिकवायच्यात? का पप्पांसारखंच सोडून द्यायचंय, पण कुणी आपल्याला विचारलंच नाही याचा राग आहे? हे तिला विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नकोस. तू संतापाने संपादकाला दोन पानी ईमेल लिहिलीस तर ती बहुधा छापूनही येईल. 'मूकबधिर' जाऊन 'दिव्यांग' येईल, 'हातवारे' जाऊन 'सांकेतिक भाषा' येईल, आणि पुढच्या स्टोरीतही बाईट तुझाच असेल.

कसं असायला हवं त्याचं एक उदाहरण देते. सप्टेंबर 2023 मध्ये सारा सनी या बधिर वकील सर्वोच्च न्यायालयात ऑनलाइन सुनावणीला उभ्या राहिल्या. त्यांच्या दुभाष्याला पडद्यावर दिसू द्यायचं की नाही यावर आधी जराशी अडचण झाली, मग तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी परवानगी दिली. पुढे सगळं जग दुभाष्याच्या आवाजात ऐकत होतं, पण वकील सारा सनी होत्या. 'यांचं काय म्हणणं आहे?' असं कुणी दुभाष्याला विचारत बसलं नाही. पत्रकाराने दुकानात एवढंच करायला हवं होतं. खुर्ची आईसमोर टाकायची, बघायचं तिच्याकडे, तुला किंवा दुसऱ्या दुभाष्याला आपल्या बाजूला बसवायचं, आणि कॅमेरा कमरेपासून डोक्यापर्यंत ठेवायचा. हात किंवा चेहरा चौकटीबाहेर गेला की वाक्य अर्धं गेलं.

लेटरहेडचं म्हणशील, तर त्याची लाज वाटून घेऊ नकोस. महाराष्ट्रात आजही कितीतरी शाळांच्या पाट्यांवर 'मूकबधिर विद्यालय' आहे, सरकारी कागदांतही हा शब्द वर्षानुवर्षं चालत आला. तुझ्या पप्पांच्या पिढीला तोच मिळाला, त्यांनी तोच छापला. तो चुकीचा का, हे मात्र माहीत असू दे. बहुतेक बधिर माणसांच्या गळ्यात काही बिघाड नसतो, आवाज असतोच. तुझी आई तुला आतल्या खोलीतून बोलावते तो आवाज तुला ठाऊक आहे. त्यामुळे 'वाचा हिरावली' ही नुसती नाटकी भाषा नाही, ती वस्तुस्थितीही नाही. लोक आपली नावं सवडीने बदलतात. पॅरिसला 1924 मध्ये बधिर खेळाडूंच्या पहिल्या स्पर्धा झाल्या तेव्हा त्यांचं नाव 'सायलेंट गेम्स' होतं, आता त्यांना डेफलिंपिक्स म्हणतात. उलट कुस्तीगीर वीरेंदर सिंग बघ. डेफलिंपिक्समध्ये तीन सुवर्णपदकं, पद्मश्री, आणि ट्विटरवर (आताच्या एक्सवर) स्वतः 'गूंगा पहलवान' हे नाव लावतात. ते त्यांचं त्यांनी घेतलेलं नाव. म्हणून उद्या कुठल्या उपसंपादकाने दुसऱ्या कुठल्या मुलीच्या मथळ्यात 'मुकी' लिहावं असा परवाना त्यातून मिळत नाही. संपादक तुला लेटरहेड दाखवेल, तेव्हा त्याला हे सांग. मंडळाचं नाव बदलायचं की नाही ते मंडळ बघेल.

चुलतभावाला म्हणावं, सध्या पुस्तक वाच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चं कलम 92 खरं आहे, सहा महिने ते पाच वर्षं शिक्षाही आहे. पण ते लागू व्हायला लोकांसमोर जाणूनबुजून, हिणवण्याच्या हेतूने अपमान केलेला असावा लागतो. बायकोचा ब्लाउज टाकून गेलेल्या माणसाचा तो हेतू होता असं तुझी आईसुद्धा म्हणणार नाही. तुमच्या कामाचं आहे ते दुसरंच. 8 जुलै 2024 रोजी दिव्यांग हक्कांसाठी काम करणारे निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पडद्यावर दिव्यांग माणसं कशी दाखवावीत याबद्दल निकाल दिला. त्यात हिणवणारे शब्द टाळा, 'पीडित', 'ग्रस्त' छापाची भाषा टाळा, आणि ज्यांच्याबद्दल दाखवताय त्यांना विचारून, त्यांना सामील करून घेऊन दाखवा, असं स्पष्ट म्हटलं आहे. खटला चित्रपटाचा होता, पण संपादकाच्या टेबलावर ठेवायला हा कागद एफआयआरपेक्षा बरा. निकाल देणाऱ्या चंद्रचूड-पारडीवाला खंडपीठाचं नाव वाचून निम्मी घासाघीस तिथेच संपते.

आई 'हो' म्हणाली, तर हे असं कर. दुकानातच, उजेडात, मोबाइल स्टँडवर लावून आईचा व्हिडिओ घे. ती सांगेल ते, तिच्या भाषेत, दोन-तीन मिनिटं. निवेदिकेच्या हातांबद्दल बोलू दे, 'हातवारे'बद्दल बोलू दे, बातमीत कुठली गोष्ट यायला हवी होती आणि आली नाही ते सांगू दे. खाली मराठी सबटायटल घाल. आवाज द्यायचा असेल तर शक्यतो दुसऱ्या दुभाष्याचा दे. पप्पांच्या मंडळात कुणी ना कुणी असेल, नाहीतर मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठी काम करणाऱ्या अली यावर जंग संस्थेत चौकशी कर. कुणीच मिळालं नाही तर नुसती सबटायटल चालतील. संपादकाला तीन मिनिटं शांत बसून वाचू दे, बिघडत नाही. बासरी तर मुळीच नको.

तो व्हिडिओ आणि सोबत आईच्या सहीचं अर्ध्या पानाचं पत्र वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवायचं. 2021 च्या सुधारित केबल नियमांप्रमाणे वाहिनीने तक्रारीची पोच 24 तासांत द्यायची असते आणि निर्णय 15 दिवसांत कळवायचा असतो. पेपरसाठी आधी संपादकाला पत्र, आणि त्याने दाद दिली नाही तर प्रेस कौन्सिलकडे. दैनिकाबद्दलची तक्रार छापून आल्यापासून दोन महिन्यांत पोचायला हवी, म्हणजे अजून वेळ आहे पण फार नाही. पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, त्यांना प्रत पाठवून ठेवा. मागणी मोघम नको. 'संवेदनशीलता बाळगा' असं लिहिलंत तर 'नोंद घेतली' असं उत्तर येईल. निवेदिकेचा तो तुकडा काढा, बातमी सबटायटलसह पुन्हा चढवा, आईचं म्हणणं त्याच वेळेला दाखवा, असं काहीतरी मोजता येण्याजोगं मागा.

त्या पत्रकाराला मात्र आधी एक फोन कर. ब्लाउज न्यायला तो येणारच आहे. भांडायला नको. त्याच्या हातात ब्लाउज द्यायच्या आधी आईने त्याला दुकानाच्या नावाची खूण, स्वतःच्या नावाची खूण आणि 'धन्यवाद'ची खूण करून दाखवावी आणि त्याच्याकडून करून घ्यावी, असं मला आपलं उगाच वाटतं. जमलं तर तो स्टुडिओत जाऊन निवेदिकेलाही दाखवेल. नाही दाखवली तरी पुढच्या वेळी खुर्ची कुठे टाकायची ते त्याला कळलेलं असेल.

मामाला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस. गिऱ्हाइकं वाढली असतील तर छानच आहे, शिलाईचे दर पाच-दहा रुपयांनी वाढवा.

आणि व्हिडिओ पाठवण्याआधी सबटायटल आईला ओळीनं ओळ खुणांनी वाचून दाखव. तिला एखादा शब्द बदलायचा असेल तर बदल, तुझ्या शब्दाने वाक्य जास्त चांगलं होत असलं तरी.

तुझी,
ताई